गबाजीच्या तोंडाचं पायपुसनं

एका जंगलात एकच दुकान व्हतं. चुळबूळ करू नका पोरांनो, दुकानाचीच गोष्ट हाय.

दुकान नामा मुंगसाचं. मीठ, मिरची, काड्यापेटी, समदं तिथंच. जंगलात निवडणूक लागली. एकीकडं सुळेवाले, दुसरीकडं शिंगवाले. नामानं लगोलग पायपुसनी विकायला काढली. त्यावर गबाजी रानडुकराचं तोंड छापलेलं. गबाजी सुळेवाल्यांचा उमेदवार. तोंडाखाली लिवलेलं, 'इथं पाय पुसा.'

गबाजीचं टाळकं फिरलं. मतं पडू देत न्हाईतर न पडू देत. पन समद्या जंगलानं आपल्या तोंडाला चिखल पुसायचा म्हंजे काय? तो तरातरा दुकानात गेला.

"नाम्या, ह्ये काय लावलंयस?"

"धंदा हाय, गबाजीराव. मी कुनाचाच न्हाई. शिंगवाल्यांचं बी हाय, ह्ये बघा."

नामानं दुसरं पायपुसनं पसरलं. त्यावर बोकडाचं तोंड, दाढीसकट. गबाजी पोट धरून हसला.

"दाढी झ्याक आलीय," म्हनला. मंग त्येला आठवलं, आपन रागावून आलोय. "तुझ्या दुकानावर बहिष्कार," असं बजावून तो घरी आला.

आता त्या जंगलाचा रिवाज असा, की ठराव करायचा तर आधी पंगत घालायची. उपाशी पोटी केलेला ठराव तिथं कोन मानत न्हाई. गबाजीनं शंभर पानांची पंगत सांगितली.

त्येची बायको हौसा म्हनली, "आवं, घरात मीठ न्हाई."

"आळनी वाढ."

"आळनी आमटी खाऊन तात्या हत्ती ठरावाला सोंड वर करंल व्हय? पातेलं डोक्यात घालंल तुमच्या."

गबाजीनं इचार केला. ठराव अजून झालेला न्हाई. म्हंजे बहिष्कार बी लागलेला न्हाई. तो परत दुकानात गेला.

"मिठाची गोनी दे. शेवटची."

"न्या की. गोनीवर चार पायपुसनी फुकट हायत."

"मंग बोकडाची दे."

"ती संपली. तुमच्याच लोकांनी नेली. आता तुमचीच उरलीत."

गबाजीनं सुळे करकर वाजवले. "दे. चुलीत घालतो," म्हनला.

घरी त्येनं गोनी टाकली आन् मानसं बोलवायला गेला. हौसानं नुकतं सारवलं व्हतं. शंभर पावनं वढ्यातनं येनार. तिनं चारी पायपुसनी दारात वळीनं टाकली.

गबाजी परतला तवा तात्या हत्ती दारात उभा. पुढचा पाय बरोबर गबाजीच्या नाकावर. नखांतला गाळसुद्धा काढत व्हता.

"गबाजी, तुझा अपमान आमी खपवून घेनार न्हाई," तात्या म्हनला, आन् दुसरा पाय पुसायला लागला. तात्याला पाय चार.

पंगत झाली. आमटीला चव व्हती. ठराव एकमतानं झाला. जाताना कोनीतरी दोन पायपुसनी उचलून नेली.

दुसऱ्या दिवशी गबाजी चिखलात लोळून आला. आतनं हौसा वरडली, "पाय पुसून या, सारवलंय."

गबाजीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आधी कडंकडंनं पुसले. मंग नीट पुसले.

तात्पर्य : अपमान अजाबात सोसू नये. पन अपमान जाड कापडाचा असंल आन् मिठावर फुकट येत असंल, तर दारात टाकावा. घर साफ ऱ्हातं.