चित्रातलं नाक

साहेबांनी भेट दिलेलं चित्र बाहेरच्या खोलीत लागलं आणि सासूबाई कप हातात घेऊन त्याच्यासमोर थबकल्या.

"हे तुझे साहेब ना गं?"

"आई, ते अमूर्त चित्र आहे. त्यात कुणी नसतं."

"नसतं कसं? हे नाक, हे टक्कल. आणि लाल डाग पडलाय तो राग आलाय म्हणून."

एका चित्रकाराच्या कॅनव्हासची ती छापील प्रत. काळे फराटे, पिवळे ओघळ, मध्ये लाल शिंतोडे. आतापर्यंत बिचारे नुसते रंग होते. पण या क्षणापासून सुनेला साहेबांखेरीज काही दिसेना. फरशीच्या कारखान्यात ती तपासनीस होती. केसाएवढा तडा जिच्या नजरेतून सुटत नाही, तिच्यापासून एवढं मोठं नाक लपणार कसं? त्यात विभागप्रमुखाची जागा रिकामी झालेली, तिचा जीव त्या जागेत अडकलेला, आणि रविवारी साहेब खास चित्र बघायला येणार!

तिने चित्र आडवं केलं. साहेब आडवे झाले. उलटं केलं, तर साहेब डोक्यावर उभे राहिले आणि आणखीच रागावलेले दिसू लागले. साखर मागायला आलेली शेजारीण दारातूनच म्हणाली, "अगंबाई, कारखान्याचे साहेब का?" सून रडकुंडीला आली. शेवटी चित्र सरळ झालं आणि सासूबाईंना ताकीद मिळाली, "आई, पाया पडते, रविवारी चकार शब्द काढू नका."

साहेब आले. चित्राखालीच उभे राहिले. दोन्ही नाकं एका रेषेत आली, तशी सुनेने मान खाली घातली.

"काय दिसतं यात?"

"शांतता, सर."

"आणखी?"

"समुद्र असेल."

"आजी, तुम्हाला?"

"मला मेलीला काय दिसणार? मोतीबिंदू आहे," सासूबाई ताकिदीला जागल्या.

साहेबांचा चेहरा पडला. "मला यात माझे वडील दिसतात. हुबेहूब. घरी सगळे हसतात मला. म्हणून आणखी एक प्रत मागवून तुम्हाला दिली. म्हटलं, तपासणीचा विभाग सोपवायचा तर नजर कशी आहे ते बघू. पण तुम्हालाही नाहीच दिसले."

सुनेने झटकन मान वर केली.

"अहो, दिसतात की! नाक तर अगदी तुमचंच!" सासूबाईंना राहवेना.

"राहू द्या, आजी. माझं मन राखायला बोलू नका."

"खरंच दिसतात, सर! टक्कलसुद्धा दिसतं!" सून त्यांच्यामागे दारापर्यंत धावली.

साहेब खाली वाकून बूट चढवत होते.

"हो ना," ते म्हणाले, "आता मी सांगितल्यावर कुणाला दिसणार नाहीत?"