गणवीर सरांना धरणारा साप

उमरखेडच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणारे प्रा. भीमराज गणवीर छातीठोकपणे सांगत, की घर, नोकरी आणि गिटार या तिघांचा संसार आपण एका छपराखाली सुखाने चालवला. गिटारवर ते ब्लूज वाजवत. अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या माणसांचं हे गाणं त्यांना नागपूरच्या होस्टेलवर एका कॅसेटमधून भेटलं, आणि आईसोबत कापूस वेचत वाढलेल्या या माणसाला ते परकं वाटलंच नाही. बायको दीपमाला मात्र त्याला रडगाणं म्हणे.

त्या दिवशी कॉलेजात तपासणी समिती यायची होती. अकराला विभागाची माहिती सरांनीच द्यायची होती. सकाळच्या शाळेत शिकवायला जाताना दीपमालाबाई बजावून गेल्या, की आज गिटारीला हात लावायचा नाही.

सरांनी ठरवलं, फक्त पाच मिनिटं. मुख्तार मेकॅनिकनं त्यांना जुन्या फवारणी पंपाच्या पितळी पाइपाचा बोटभर तुकडा कापून दिला होता. तो बोटात घालून तारांवरून सरकवला की सूर लांबत जाई, दूरच्या वावरातून कुणी हाक मारावी तसा. अंगणातल्या कडुनिंबाखाली बसून सरांनी डोळे मिटले. एका हाकेमागून दुसरी हाक गेली. वावर, त्याच्या बांधाचा धुरा, धुऱ्यापलीकडचं पांढरं आभाळ, सगळं तरंगत राहिलं. सावली सरकून ऊन मांडीवर आलं, तेव्हा साडेदहा वाजले होते आणि पाइप बोटातून निघत नव्हता.

साबण झाला, खोबरेल झालं. बोट वांग्यासारखं जांभळं पडलं. शेवटी हाताला पांढरं फडकं गुंडाळून सर निघाले.

कॉलेजच्या फाटकावर शिपाई गोविंदानं हाताला काय झालं म्हणून विचारलं. सर अजून निम्मे त्या सुरातच होते. "पाइपानं धरलं," ते पुटपुटले. नेमकी तेव्हाच समितीची गाडी हॉर्न वाजवत आत शिरली, आणि गोविंदानं ऐकलं, सापानं धरलं.

झाडाझुडपांत हिंडणारा माणूस, त्याला साप चावणार नाही तर काय! दोन मिनिटांत प्राचार्य धावत आले. सर खुलासा करू लागले, तर बोलल्यानं विष चढतं म्हणून प्राचार्यांनी त्यांना गप्प केलं आणि समितीच्याच गाडीत घालून दवाखान्यात धाडलं.

डॉक्टरांनी विचारलं, रंग कसा होता. सर म्हणाले, "पितळी." डॉक्टरांनी घाईघाईनं फडकं सोडलं, तर आत पाइप. मग सरांना विचारून त्यांनी मुख्तारला बोलावणं पाठवलं.

मुख्तार करवतीचं पातं घेऊन आला. पातं चालू लागलं तसा पाइप बारीक गुणगुणू लागला, आणि सरांचे डोळे पुन्हा मिटले.

"जरा हळू घे, मुख्तारभाई. खालचा सूर लागून राह्यला."

"सर, सुराचं मंग पाहू. पह्यले बोट हालवू नका."

पाइप चिरून खाली पडला आणि दारात दीपमालाबाई उभ्या. शाळेत निरोप गेला होता. चेहरा पांढराफटक, श्वास लागलेला, आणि छातीशी घट्ट धरलेली गिटार.

"हे कायले आणलं?" सरांनी हळूच विचारलं.

"मले वाटलं, शेवटची इच्छा असंन तुमची." मग त्यांनी जमिनीवरचा पाइप पाहिला, सुजलेलं बोट पाहिलं, आणि डोळे पुसले.

डॉक्टरांकडून खरा प्रकार कळल्यावर प्राचार्यांचा फोन आला. समिती भारावून गेली होती. प्रत्यक्ष क्षेत्रात जाऊन जोखीम पत्करणारा विभाग असा शेरा पडला होता. समिती शनिवारपर्यंत मुक्कामी आहे, तोवर साप सापच राहू द्या, असं प्राचार्यांनी काकुळतीनं सांगितलं.

घरी जायला ऑटो केला. मागच्या सीटवर दीपमालाबाई बसल्या आणि शेजारी त्यांनी गिटार आडवी ठेवली. सरांना ड्रायव्हरजवळ अर्ध्या बुडावर बसावं लागलं. बातमी ड्रायव्हरपर्यंतही पोचली होती. साप जहरी होता का, त्यानं विचारलं.

मागून दीपमालाबाई म्हणाल्या, "जहरी नाही, भाऊ. लग्नापासून मीच पाळून राह्यली त्याले."