सरकी न्यू वेव्ह पार्टीची एकुलती कॅसेट

मंगळवार, १४ जून २००५. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी वर्ध्यातील जिल्हा सांगीतिक वारसा जतन कक्षात साठ मिनिटांची एक कॅसेट कापडी पाकिटात घालून लाखेने मोहोरबंद करण्यात आली. साक्षीदार म्हणून सही केली ती सिंदी (रेल्वे) येथील सायकल दुरुस्तीवाला तानबा भोयर याने. कॅसेटवर गाणारा आवाज त्याचाच होता. सही करताना त्याला अभिमान वाटला. आजवर अनेकांनी त्याचा आवाज बंद केला होता, पण लाख कुणी वापरली नव्हती.

"दोन दिवसांत कॉपी काढून परत देऊ," असे कक्षप्रमुख मुकेश तळवेकर म्हणाले. तानबानेही तेच देवकाबाईंना सांगितले होते, कारण कॅसेट त्यांची होती.

सरकी न्यू वेव्ह पार्टी ही मुळात लग्नात वाजवणारी चार जणांची बँड पार्टी. १९९५ साली तानबाने नागपूरहून एक जुना कॅसिओ आणला आणि त्याच्यासोबत 'न्यू वेव्ह' हे शब्द. त्यांचा अर्थ दुकानदारालाही ठाऊक नसल्याने पार्टीला मोकळे रान मिळाले. देवकाबाईंचा मुलगा नत्थू फवारणीच्या पंपाचा दांडा खालीवर करून ताल धरी आणि पॅसेंजर दीड तास उशिरा येत असल्याची घोषणा चालीवर म्हणे. एका लग्नात खुद्द नवरदेव घोड्यावरून उतरून पायी पुढे निघून गेला. समुद्रपूरच्या आठवडी बाजारात त्यांचा एकमेव जाहीर कार्यक्रम झाला. त्याला अकरा जण हजर होते. त्यांतले चार पार्टीचे, आणि एक कांदेवाला, ज्याच्या जागेवर ते उभे होते.

१९९६ साली त्यांनी जिनिंगच्या गोदामात गाणी भरली. कापसाच्या गाठींच्या थप्प्यांमुळे तिथे आवाज घुमत नसे. पण गाणी भरता भरताच ट्रक लागत गेले आणि गाठी कमी होत गेल्या. त्यामुळे पहिले गाणे गोधडीत तोंड खुपसून म्हटल्यासारखे आहे आणि शेवटचे विहिरीतून आल्यासारखे. पुढे पुण्याच्या एका मासिकाने याला 'अवकाशाचा क्रमशः होत जाणारा उलगडा' म्हटले आणि त्यामुळेच जतन कक्षाला जाग आली. हमालांचा उल्लेख लेखात नव्हता.

पन्नास कॅसेटी निघाल्या आणि जाम गावच्या चौकात सगळ्या खपल्या, कारण त्या कोऱ्या कॅसेटपेक्षा स्वस्त होत्या. घेणाऱ्यांनी पुन्हा भरता यावे म्हणून मागच्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला आणि वर हळदीची गाणी भरून घेतली. तानबाच्या स्वतःच्या कॅसेटवर त्याच्या सासऱ्याने धाकट्या मुलीच्या, कांताच्या, पाठवणीचे रडणे भरले. वाचली ती फक्त देवकाबाईंची. त्यांच्याकडे टेपच नव्हता.

नत्थू १९९९ साली तापाने गेला. तेव्हापासून दर रविवारी दुपारी देवकाबाई पदराखाली कॅसेट घेऊन तानबाच्या दुकानात येत. गाण्यांशी त्यांना कर्तव्य नव्हते. शेवटच्या गाण्यानंतर टेप बंद करायचे राहून गेले होते. तिथे नत्थू म्हणतो, "चाल ना बे, मायनं भाकर टाकली असन." तेवढे ऐकून त्या घरी जात.

गुरुवारी तानबा कॅसेट आणायला गेला.

"कॉपी काढायची तर वाजवावी लागेल," तळवेकर म्हणाले. "आणि वारसा वस्तूचा वापर करता येत नाही. नियम सात."

"साहेब, कॅसेट हाय ते. वाजवाची नाई त काय पुजाची?"

"तज्ज्ञांचा अभिप्राय मागवला आहे."

अभिप्राय चौदा महिन्यांनी आला. फीत जीर्ण असून ती फार तर एकदाच वाजेल, असे त्यात म्हटले होते. मोहोर तोडण्याची परवानगी नसल्याने तज्ज्ञांनी तो पाकिटाकडे पाहून दिला होता. तेव्हा कक्षाच्या समितीत असे ठरले, की कॅसेट एकदाच, जाहीर समारंभात, तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात वाजवावी. प्रवेश मूळ कलावंतांना आणि पार्टीला पूर्वी ऐकल्याचे प्रतिज्ञापत्र देणाऱ्यांना. निवेदन छापून आले. महिनाभरात एक हजार दोनशे बारा प्रतिज्ञापत्रे दाखल झाली. समुद्रपूरच्या बाजारात त्या दिवशी आपण अगदी पुढे उभे होतो, असे जवळपास सर्वांनी शपथेवर लिहिले होते.

तानबाने मूळ कलावंत म्हणून अर्ज केला. पुरावा काय, असे विचारले गेले. पुरावा पाकिटात होता. मग प्रतिज्ञापत्रे तपासली गेली. त्यांतल्या आठशेहून अधिक जणांच्या आठवणीप्रमाणे मूळ गायक उंच, गोरा आणि गिटारवाला होता. तानबा बहुमताच्या वर्णनात बसत नव्हता. शेवटचा उपाय म्हणून समितीचे अध्यक्ष अण्णाजी यांच्यासमोर आवाजाची चाचणी झाली. १९९६ साली पुतण्याच्या लग्नातून पार्टीला हाकलून देणारे ते हेच.

तानबा गायला. अण्णाजींनी डोळे मिटून ऐकले आणि मान हलवली.

"मूळ गायकात जो दर्द होता, तो नाई बा यात."

"अण्णाजी, तुमीच त मले चप्पल फेकून मारली होती!"

"ते मूळ गायकाले मारली होती," अण्णाजी म्हणाले. "तुमाले मी ओळखत नाई."

ही बाब इतिवृत्तात 'अध्यक्षांचा पार्टीशी जुना ऋणानुबंध' या शीर्षकाखाली नोंदवली गेली.

मग तानबा देवकाबाईंनाच घेऊन वर्ध्याला गेला. वाटेत एसटीत त्यांनी काही विचारले नाही म्हणूनच तो सारखा सांगत राहिला, "काकू, तुमचं काम होऊन जाईन. तुमची त कॅसेटच हाय ना." कक्षातल्या लिपिक समीक्षा मॅडम स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले आणि अर्ज स्वतः भरायला घेतला.

"पार्टी पूर्वी ऐकली आहे?"

"दर आयतवारी. सहा वर्षं."

"छान. पार्टीतल्या कुणाशी नाते?"

"माय हावो मी नत्थूची."

समीक्षा मॅडमचे पेन थांबले. "आजी, मग अडचण आहे. हितसंबंध येतो. साक्षीदार तटस्थ लागतो."

"म्हंजे मी त्याची माय नसती, त आयकाले भेटलं असतं?"

"हो," समीक्षा मॅडम आपुलकीने म्हणाल्या. "नात्याच्या रकान्यात 'नाही' लिहून अंगठा दिलात, तर मी आजच क्रमांक घालते. पुढे कुणी तपासत नाही. कुणाचंच तपासलेलं नाही."

तानबा घाईघाईने म्हणाला, "लिवून टाका ना काकू. कागदच त हाय."

देवकाबाईंनी त्याच्याकडे पाहिले. "कॅसेट तूच घेऊन गेलता ना रे तानबा?"

शाईचे पॅड उघडून टेबलावर ठेवले गेले. देवकाबाईंचा अंगठा पॅडवर टेकला, काळा झाला, आणि तिथून तो कागदापर्यंत न जाता लुगड्याला पुसला गेला.

३१ मार्च २००९ अखेरची स्थिती अशी. मोहोर शाबूत आहे. समारंभाची तारीख निश्चित झालेली नाही. देवकाबाईंचा अर्ज नात्याचा रकाना कोरा असल्याने अपूर्ण म्हणून बाजूला ठेवण्यात आला आहे. या हकिकतीचा काही भाग फेब्रुवारीत एका दैनिकात आला, तेव्हा वाचक हळहळले आणि आठवड्याभरात त्यांच्याकडून आणखी एकशे नव्वद प्रतिज्ञापत्रे आली. नत्थूचा आवाज आजही आपल्या कानात आहे, असे त्यांतल्या बहुतेकांनी लिहिले आहे. त्यांचे सर्व रकाने व्यवस्थित भरलेले असल्याने त्यांना खुर्च्या देण्याचे काम चालू आहे.