कांबळे काकांची तपासणी

कांबळे काका चोवीस तासांची लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये घेऊन खडकीहून बसने येतात. कॅनवर स्वतःच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी असते : 'तपासणीचा नमुना. सरबत नव्हे.' "बसमध्ये लोक तहानलेले असतात, मॅडम," हे त्यावरचं स्पष्टीकरण.

मूत्रपिंडाच्या आजारावर एका नव्या गोळीचा काय परिणाम होतो, हे पाहणाऱ्या संशोधनात मी समन्वयक आहे. म्हणजे डॉक्टर विचार करतात आणि मी फॉर्म भरते. बाकीचे रुग्ण बारा पानी संमतिपत्रक शेवटून उघडून सही ठोकतात. काकांनी ते दोन तास वाचलं आणि शंका विचारून मलाच घाम फोडला.

काकांची सगळी नोकरी दारूगोळा कारखान्यात तपासनीस म्हणून झालेली. त्यामुळे जगात प्रकार दोनच, पास आणि रिजेक्ट. कँटीनचा चहा रिजेक्ट. माझं अक्षर रिजेक्ट. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, तेव्हा मात्र स्वतःचा रिपोर्ट बराच वेळ पाहून म्हणाले, "लॉट जुना आहे. पण पास."

दर तीन महिन्यांनी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत याच संशोधनातले, लोणी काळभोरचे बबनराव असायचे. दोघांचं कशावरच पटायचं नाही, त्यामुळे गप्पा फार रंगायच्या. मागच्या खेपेला ती खुर्ची रिकामी राहिली.

"तीनदा फोन केला, बंद आहे," मी बोलून गेले. "आता फॉर्मवर 'संपर्क तुटला' लिहावं लागणार."

"फोन बंद आहे, माणूस नाही," काका म्हणाले. "लिहू नका."

चौथ्या दिवशी दोघंही दारात हजर! स्वारगेटला बस बदलून काका लोणीला गेले होते आणि 'पेरूची बाग, पायाला सूज' एवढ्या खुणेवर त्यांनी गाव पालथं घातलं होतं.

बबनराव ओशाळून हसले. "गोळी सोडली व्हती. म्हटलं, पोरांना किती पळवायचं? पर ह्ये दारातच बसले. च्या बी घेईनात, उठंनात."

ब्लडप्रेशर पाहून डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात. आणखी उशीर झाला असता, तर डायलिसिसच." मला इतका आनंद झाला, की मी दोघांनाही अर्धा अर्धा कप चहा पाजला. त्या दिवशी तो पास झाला.

बबनराव पुढच्या तपासणीसाठी आत गेले. काकांनी त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणि मी आलो नाही, तर?"

काकू गेल्यापासून ते एकटे राहतात, हे मला फॉर्मवरून माहीत होतं. त्याच्या पुढचा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. मला स्वतःची लाज वाटली.

"मी येईन की, काका."

त्यांनी मला नीट निरखून घेतलं.

"बेल बिघडली आहे," ते म्हणाले. "कडी वाजवा. उघडेपर्यंत वाजवत राहा."