दत्तूमामांचं बेट

दत्तूमामांना नवा माणूस भेटला, की ते आधी त्याचं नाक मोजायचे. पट्टीनं नव्हे, नजरेनं. एक डोळा मिटायचा, मान जरा तिरकी करायची आणि निकाल द्यायचा. "पावणं, तुमचं नाक साडेतीन फूट!" पाहुणा दचकून नाकाला हात लावायचा. मग मामा त्याला धीर द्यायचे. "भिऊ नका. वीस फुटी बोर्डावर म्हणतोय मी."

मामा सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. थिएटरच्या दर्शनी बाजूला लागणारे नायक, नायिका आणि खलनायक रंगवण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे देवानं घडवलेली साध्या मापाची माणसं त्यांना अर्धवट सोडल्यासारखी वाटायची. माझं लग्न झालं तेव्हा मी बायकोला घेऊन त्यांच्या पाया पडायला गेलो. मामांनी तिच्याकडे डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, बायको झ्याक हाय. हनुवटी तेवढी बोर्डाच्या खाली जाईल." बायको पुढं बरेच दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मामांना मात्र आपण स्तुतीच केली असं वाटत होतं.

मास्तर म्हणजे मी. मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती आणि बरोबर समोर मामांचं घर. दिवसभर माझी मशीनं खडखडायची आणि त्यावरून मामांचा आवाज यायचा. मामा बोलायचेही वीस फुटी मापानं. आमटीत मीठ कमी आहे एवढंच सांगायचं असलं, तरी ते गल्लीच्या दोन्ही टोकांना कळायचं.

लीलामामींचं सगळं याच्या उलट. आवाज बारीक, चाल हलकी आणि काम तर इतकं नाजूक की त्या ते करत असताना समोरच्यानं शिंकायचीही चोरी. फोटो स्टुडिओतून त्यांच्याकडे काळेपांढरे फोटो यायचे आणि मामी मांजराच्या मिशीएवढ्या ब्रशनं त्यांत रंग भरायच्या. नुसता रंग नाही. फोटो काढताना मिटलेले डोळे त्या उघडून द्यायच्या. जन्मभर बोडक्या डोक्यानं हिंडलेल्या माणसाला कोल्हापुरी फेटा बांधायच्या. जिला हयातीत सोन्याचा मणी मिळाला नाही, तिच्या गळ्यात साज घालायच्या. जी नवरा-बायको कधी एका बाकावर बसली नाहीत, त्यांना दोन वेगळ्या फोटोंतून उचलून शेजारी बसवायच्या. रंगीत फोटो निघाले तरी घरोघरच्या वाडवडलांसाठी नव्वद सालानंतरही मामींकडे काम येतच होतं.

मामांच्या लेखी ही चित्रकलाच नव्हती. "किड्यामुंग्यांचं काम! कुंकवाच्या बोटाएवढा रंग लावायचा आन् म्हणायचं, चित्र काढलं. माझ्या हिरोच्या एका नाकपुडीत हिचा आख्खा आजोबा बसतोय."

"बसंल की," मामी मान वर न करता म्हणायच्या. "पण तुमचा हिरो शुक्रवारी पुसतोय. माझा आजोबा भितीवर ऱ्हातोय."

यावर मामांकडे उत्तर नसायचं. नवा सिनेमा लागला की जुन्या बोर्डाच्या कापडावर पांढरा हात फिरायचा आणि त्यावर नवा हिरो उभा राहायचा. उत्तर नसलं की मामा पान आणायला जायचे. त्यांना पानाचं फार व्यसन होतं असा गल्लीत समज होता, त्याचं खरं कारण हे.

पुढं गावात फ्लेक्सचं मशीन आलं. थिएटरवाल्यांनी मामांना एकदा चहा पाजला आणि परत बोलावलं नाही. चौकाचौकांत वाढदिवसाची पोरं झळकायला लागली. मामा प्रत्येक फ्लेक्सखाली उभे राहून डोळा मिटून बघायचे. "काय ही तोंडं! कावीळ झाल्यावानी. आन् नाक बघा, पाच फूट. पाच फूट नाकाला काय तरी करून दाखवावं लागतंय, मास्तर. ह्यानं काय केलंय? वाढदिवस!"

त्याच सुमाराला मामींची साखर डोळ्यांत उतरली. आधी धुकं आलं, मग उजेड तेवढा राहिला. ब्रश डब्यात गेले. मूलबाळ नसलेल्या त्या घरात दोन कलावंत समोरासमोर बसून असायचे, आणि समोरून मामांचा आवाज येईनासा झाला. मीठ कमी आहे की जास्त, काही कळेना.

मग एक दिवस मामा इन्स्टिट्यूटमध्ये घुसले आणि मशीनं थांबतील अशा आवाजात म्हणाले, "मास्तर, म्युझियम काढायचं."

"कशाचं?"

"आमचं. आमच्या दोघांच्या कलेचं. बेटावर."

कोल्हापुरात बेट कुठून आणणार, हा प्रश्न मला पडला. पण मामांकडे खरंच बेट होतं. मुरगूडच्या वाटेवर आत त्यांचं मूळ गाव. तिथं सरकारनं पाझर तलाव बांधला, त्यात त्यांच्या भाऊबंदकीची सगळी जमीन बुडाली आणि एक टेकाड तेवढं पाण्याबाहेर राहिलं. भावांनी ते मोठ्या मनानं मामांच्या नावावर केलं. "ज्येष्ठ तुम्ही," म्हणाले.

"तिथं कोण येणार, मामा?"

"येतील की! जगात लोक विमानानं जात्यात म्युझियम बघायला. हितं नुसतं एक तळं पार करायचंय."

"आणि लावणार काय?"

मामांची खरी अडचण इथंच होती. उभ्या आयुष्यात त्यांनी किती हिरो रंगवले याचा हिशेब नव्हता, पण एकही शिल्लक नव्हता. कापडं विरली की थिएटरवाले ती विकायचे आणि शेतकरी कडब्याच्या गंजीवर टाकायचे. शोधाशोध करून कागलजवळ एका गंजीवर आम्हाला मामांचा एक खलनायक सापडला, म्हणजे त्याचा एक डोळा आणि अर्धी मिशी. पण गंजीचा मालक सोडेना. त्या डोळ्यामुळं कडब्याची चोरी थांबली होती म्हणे. मामांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला नवीन ताडपत्री आणून दिली, आणि आपला डोळा घडी घालून घरी नेला.

राहिलं मामींचं काम. ते टिकून होतं, पण लोकांच्या भिंतींवर. मग माझ्या स्कूटरवर मागं बसून मामा दारोदार हिंडायला लागले. दार उघडलं की नमस्कार नाही, चमत्कार नाही. थेट भिंतीकडं बोट. "त्यो आजोबा पायजे."

"आं? आमचा आजोबा?"

"आजोबा तुमचाच. पण गाल आमच्या मंडळींचं हायत."

लोक आधी हसायचे, मग भडकायचे. एका घरात म्हातारी काठी घेऊन उठली. "माझ्या मालकाला बेटावर? त्यांना पवाय येत न्हवतं!" मामा मागं हटले नाहीत. म्हणाले, "आजी, त्यांच्या कोटाची बटनं बघितलासा का कधी? एकेका बटनावर उजेडाचा ठिपका हाय. मालक घरात अंधारात टांगल्यात तुम्ही. मी त्यांना खिडकीसमोर बसवतो." म्हातारीनं चष्मा लावून बटनं बघितली. बराच वेळ बघितली. मग स्वतःच्या पदरानं काच पुसून फोटो दिला. "गौरीच्या आधी परत आणा. सणाला घरात लागत्यात."

असे फोटो गोळा होत गेले. मामी हातानं चाचपत विचारायच्या, "कोण आलं?" मामा नाव सांगायचे आणि मामींना सगळं आठवायचं. त्या एकच गोष्ट सारखी सांगायच्या. "मुरगूडची नवरी तेवढी आणा. बाकी कोन न्हाय आलं तरी चालंल."

ही मुरगूडची नवरी म्हणजे तिथल्या एका दुकानदाराची लेक. लग्नानंतर वर्षाच्या आत गेली. लग्नातल्या फोटोंचा रोल खराब निघालेला, शाळेतला एक एवढासा फोटो तेवढा मागं राहिला. बाप तो घेऊन मामींकडे आला. मामींनी त्या परकऱ्या पोरीला शालू नेसवला, मुंडावळ्या बांधल्या, नथ घातली. सबंध उन्हाळा त्यांनी दुसरं काम घेतलं नव्हतं. बाप फोटो न्यायला आला आणि उंबऱ्यावरच बसला, असं गल्लीत अजून सांगतात.

आम्ही मुरगूडला गेलो. बाप केव्हाच वारला होता. मुलीच्या भावानं जुनं घर पाडून फरशीचं नवं बांधलं होतं. माणूस चांगला होता. चहा दिला, पोहे दिले आणि मग मान खाली घालून म्हणाला, "फोटोला वाळवी लागली हुती. घर पाडताना हातात घ्यायला गेलो तर पीठच झालं बगा. फ्रेम तेवढी हाय. बाबांची आठवण म्हणून ठेवलीय."

त्यानं माळ्यावरून फ्रेम काढून आणली. शिसवी, कोपऱ्यांवर वेलबुट्टी, काच शाबूत. आत काही नाही.

मामांनी फ्रेम मागून घेतली. येताना ती मांडीवर धरून बसले होते. वाटेत एका चौकात भलामोठा वाढदिवस लागला होता, पण मामांनी वर बघितलंसुद्धा नाही. घरी पोचलो तर मामी दारातच उभ्या. "मिळाली?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा गरजले, "मिळाली की! न मिळायला काय झालं?"

मामींनी फ्रेमच्या कोपऱ्यांवरून बोटं फिरवली. "हीच," म्हणाल्या. मी मामांकडे बघितलं. मामा पान आणायला निघून गेले होते.

त्या दिवसापासून उद्घाटनाचं नाव निघालं की मी विषय बदलायचो. मामा मात्र विटा, पत्रे आणि सिमेंट बेटावर नेण्यात गुंतले होते. गावात होडी नव्हती. बंद पडलेल्या गुऱ्हाळाची काहिल होती, उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, तीच पाण्यात सोडली. काहिल गोल असल्यामुळं वल्हं मारलं की ती पुढं जायच्या आधी स्वतःभोवती फिरायची. त्यामुळं प्रेक्षकाला म्युझियम पोचण्यापूर्वीच सगळ्या बाजूंनी दिसायचं. मामांच्या मते ही सोय जगात दुसरीकडे कुठंच नव्हती.

उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांनी काठावरून काहिल बघितली आणि तिथूनच म्युझियम सुरू झाल्याचं जाहीर करून ते पन्हाळ्याला दुसऱ्या कार्यक्रमाला गेले. कलारसिक कुणी आला नाही. आले ते फोटोंचे नातेवाईक. काहिलीत दाटीवाटीनं बसून, गरगर फिरत, हातात हार, नारळ आणि नैवेद्याचे डबे सांभाळत आले. ज्या आजोबांकडं घरी कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्यांना बेटावर बघून सगळ्यांना भरून आलं. काठीवाल्या आजीही आल्या. मालकांसमोर बसून त्यांनी गावातलं सगळं त्यांच्या कानावर घातलं.

मामा दाराशी उभे राहून ओरडत होते. "हात जोडू नका, चित्तर बघा! उदबत्ती लावायची न्हाय, पत्रा तापलाय! ओ पावणं, नारळ भाईर फोडा, ह्ये म्युझियम हाय!"

आत खोलीभर मामींचंच काम होतं. मामांचा खलनायक तेवढा बाहेरच्या भिंतीवर होता, तोही पाण्याच्या बाजूला, एका डोळ्यानं काहिलीवर नजर ठेवून.

ऊन उतरल्यावर माणसं पांगली. काहिल शेवटची खेप घेऊन गेली आणि बेटावर आम्ही तिघंच उरलो. मामी सकाळपासून पायरीवर बसून होत्या. मामांनी त्यांचा हात धरला आणि त्यांना आत नेलं. एकेका फोटोसमोर थांबून ते सांगायला लागले, आणि नवल म्हणजे हळू आवाजात.

"ही कोल्हाट्याची म्हातारी. हिरवं लुगडं."

"हिरवं न्हवं. मोरपंखी."

"बरं, मोरपंखी. ह्यो फेटेवाला."

"त्याच्या फेट्याला दोनदा रंग दिलाय मी. पयला उतरला हुता."

असं करत ते पश्चिमेच्या भिंतीपाशी आले. तिथं खिडकीचा सगळा उजेड पडेल अशा जागी मुरगूडची फ्रेम लावली होती. काच लखलखीत पुसलेली आणि तिच्यामागं कोरा पुठ्ठा. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो.

"नवरी?" मामींनी विचारलं.

"नवरी."

"कशी हाय? रंग टिकलाय?"

मामा त्या कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघत राहिले. मग बोलायला लागले. शालू डाळिंबी. पदर उजव्या खांद्यावर जरासा घसरलेला, कारण शाळेच्या फोटोत पोरीचा खांदाच तिरका होता. नथीत सात मोती, त्यातला एक मुद्दाम पिवळट, जुन्या नथीत असतो तसा. ओठ मिटलेले, पण डाव्या कोपऱ्यात रंग जरा फिका, म्हणून हसायच्या बेतात असल्यासारखी दिसते. "आन् काठाची खालची कुयरी," मामा म्हणाले, "तेवढीच निळी हाय. त्या दिवशी तुझा पिवळा संपला हुता. स्टुडिओवाला दुसऱ्या दिवशी देतो म्हणाला आन् तू थांबली न्हाईस."

मामींनी मामांच्या आवाजाकडं तोंड वळवलं. म्हणाल्या, "त्ये कुनालाच ठावं न्हवतं."



मामींनी हात पुढं केला. बोटं काचेजवळ गेली, तसे मामा, काचेवरून काही कळणार नसतानाही, घाईघाईनं म्हणाले, "हात नको लावू. रंग ओला हाय."

मामींचा हात तिथंच थांबला. बाहेर पाण्यावर परत येणाऱ्या काहिलीच्या वल्ह्याचा आवाज येत होता. मग त्यांनी हात मागं घेतला आणि पदराखाली ठेवला.

"बरं," त्या म्हणाल्या. "वाळू दे मग."