लोकरे साहेबांची मानपत्रं

एका जंगलात, बाळांनो, साळिंदरं राहत होती. त्या जंगलात सिंह नव्हता. का नव्हता, असं मधेच विचारू नका. सिंहाचं काम तिथे नियम करत होते एवढं समजा आणि गप्प बसून ऐका.

नियम तरी किती! दोन पायवाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे एकेक सरडा बसवलेला. सरडा लाल झाला की थांबायचं, हिरवा झाला की चालायचं. आजूबाजूला चिटपाखरू नसलं तरी साळिंदर उभं ते उभंच. कचऱ्याला पाच खड्डे. सालींचा वेगळा, काटक्यांचा वेगळा, आणि पाचव्यात काय टाकायचं यावर अजून बैठका चालू होत्या. आठवड्यातला एक दिवस शांततेचा. त्या दिवशी खुट्ट करायचं नाही. बीळ उकरायचं नाही, अक्रोड फोडायचा नाही, गवत तोडायचं नाही.

या जंगलात लोकरे साहेब राहत होते. साहेब म्हणजे एक मेंढा. समुद्रातल्या एका बेटावरून लांबलचक सेतू ओलांडून बारा वर्षांपूर्वी बायकोला घेऊन इथे आला होता. बेटावर त्याला काळं कुत्रं विचारत नव्हतं. बारमाही चिखलानं खूर कुजायचे, आणि चांगलं गवत होतं ते सगळं थोरल्या मेंढ्यांच्या कुंपणात. इथे मात्र त्याला ऐसपैस बीळ मिळालं, बिळापुढे हिरवळ मिळाली. आणि इथे तो साहेब झाला. कुणी केला म्हणता? अरे, कुणी करावं लागतं का? स्वतःच झाला. आपणही त्यांना साहेबच म्हणू, नाहीतर रुसतील.

जंगलात बाहेरून आलेले आणखीही पुष्कळ होते. माकडं होती, शेळ्या होत्या, वणव्यातून जीव घेऊन पळालेली हरणं होती. या सगळ्यांना लोकरे साहेब 'उपरे' म्हणत. "आणि आपण?" असं एकदा लोकरेबाईंनी विचारलं होतं.

"आपण बेटकरी," साहेब म्हणाले. "उपरे वेगळे. ते येतात. आपण राहतो."

बाईंना काही कळलं नाही. पण नवऱ्याचं बोलणं कळलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट नव्हता.

तळ्याकाठी बेटकरी मंडळ भरायचं. वीसेक मेंढे जमायचे. बेटावरून मागवलेलं वाळकं गवत चघळायचे, दूध घातलेला काढा प्यायचे आणि साळिंदरांच्या आंबवलेल्या पाल्याला नावं ठेवायचे. साळिंदरांना विनोद कळत नाही, हे तर दर बैठकीत ठरायचं. कोणत्या भाषेतले विनोद ऐकून ठरायचं, ते मला विचारू नका. कारण साळिंदरी भाषेतले साहेबांना दोनच शब्द येत होते. एक 'गार' आणि दुसरा 'आणखी'. त्यावर बारा वर्षं निघाली. साहेब बाजारात जाऊन नुसते 'बें' म्हणाले की समोरचं साळिंदर बिचारं मोडक्यातोडक्या बें-बोलीत उत्तर द्यायचं. मग शिकतंय कोण?

आता साहेबांच्या भिंतीकडे या.

साहेबांच्या शेजारी काटदरेबाई नावाचं वयस्क साळिंदर राहत असे. बाई तोंडावर भांडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या लिहीत. साहेब आले त्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या दारावर एक मोठं पान लावलेलं सापडलं. त्यावर सुबक अक्षरात पाच ओळी, खाली सही, तारीख. आणि पान दाराला टोचलेलं होतं खुद्द बाईंच्या अंगच्या काट्यानं.

"बघितलंस?" साहेब गहिवरले. "अंगचा काटा उपटून दिला! असं स्वागत बेटावर तरी कुणी केलं होतं आपलं?"

त्यांनी ते पान काटक्यांच्या चौकटीत बसवलं आणि बैठकीत लावलं. पुढच्या महिन्यात दुसरं आलं. मग तिसरं. बारा वर्षांत भिंत भरून गेली. मंडळाचे मेंढे काढा प्यायला आले की साहेब शिंग वर करून सांगायचे, "ही आमची मानपत्रं. इथल्या लोकांचा फार जीव आहे हो माझ्यावर."

एका शेजारणीला मात्र ती पानं वाचता येत होती. तिचं नाव कुरंगी. हरणी होती. गल्लीच्या टोकाला झुडपाखाली एकटी राहायची. तिचं रान वणव्यात जळून गेलं, कळप गेला, आणि ती अकरा वर्षांपूर्वी इथे आली. पहिल्याच हिवाळ्यात साळिंदरी शिकली. सरडा लाल असला की दोन्ही पाय जोडून थांबायची. शांततेच्या दिवशी पाला चावायचीसुद्धा नाही. तोंडात धरून भिजवायची आणि तसाच गिळायची. आपल्यामुळे कुणाला त्रास झाला आणि आपल्याला जा म्हणाले तर जायचं कुठे, ही एकच धास्ती तिच्या पोटात होती.

आणि मग बेटावर एक थोर सभा भरली. बेटावर बाहेरच्यांची गर्दी फार झाली, सबब सेतू पाडून टाकावा, असा ठराव आला. प्रत्येक मेंढ्यानं खुराचा ठसा द्यायचा होता. लोकरे साहेबांनी इथून मुद्दाम आपला ठसा पाठवला. पाडा म्हणून.

"अहो, पण आपण तर सेतूच्या अलीकडे राहतो," लोकरेबाई म्हणाल्या.

"सेतू बाहेरच्यांसाठी पाडायचाय. आपला काय संबंध?"

सेतू धाडकन पडला. मंडळात त्या दिवशी काढा जरा जास्त झाला. आणि आठवड्याभरात साळिंदरांच्या कचेरीतून दवंडी आली. पानगळ संपायच्या आत प्रत्येक उपऱ्यानं कचेरीत यावं. सलग दहा वर्षं इथे राहिल्याचा लेखी पुरावा द्यावा. पुरावा असेल त्याच्या खुरावर कायमचा ठसा. नसेल त्यानं त्याच दिवशी वेशीबाहेर व्हावं. आता सेतू उरला नाही, तेव्हा बेटकऱ्यांनीसुद्धा.

"सुद्धा?" साहेबांच्या घशात गवत अडकलं. पुन्हा बेटावर, आणि तेही आता पोहत? पुन्हा चिखल, पुन्हा कळपातला एक? तिथे त्यांना साहेब कोण म्हणणार होतं? त्या दिवशी त्यांनी हिरवळीवरून सात फेऱ्या मारल्या आणि चारही वेळचं खाणं टाकलं. मेंढ्यानं खाणं टाकलं म्हणजे प्रकरण किती गंभीर, ते तुम्हीच ओळखा.

कचेरीत फक्त साळिंदरी बोलायची, असा नियम होता. तेव्हा साहेबांना शेजारधर्म आठवला. बारा वर्षांत पहिल्यांदा ते गल्लीच्या टोकाला गेले.

"अगं ए हरणी, नाव काय तुझं?"

"कुरंगी, साहेब."

"असू दे. उद्या माझ्याबरोबर कचेरीत ये. माझं बोलणं त्यांना सांग."

"मला जायचंच आहे, साहेब. माझाही ठसा व्हायचाय."

"तुझाही?" साहेबांना जरा नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीपुढे ही रांग! शेळ्या, माकडं, हरणं. साहेब मानपत्रांचा भारा पाठीवर घेऊन आले आणि बेटकऱ्यांची रांग कुठे आहे ते शोधायला लागले. कचेरीला तीन प्रदक्षिणा झाल्या. तशी रांगच नव्हती. तोवर सगळ्यांत शेवटी उभं राहायची पाळी आली, तेव्हा कुरंगीनंच त्यांना आपल्या पुढे घेतलं.

"पुरावा काय आणलात?" तिनं विचारलं.

साहेबांनी ऐटीत भारा सोडला. कुरंगीनं एक पान वाचलं, दुसरं वाचलं. तिचे कान पडले.

"साहेब, ही दाखवू नका."

"का?"

"या तक्रारी आहेत. ही पहिली... 'शांततेच्या दिवशी सकाळी दहा वाजता आपण कचाकचा गवत खाल्लंत.' ही दुसरी. 'आपण साली काटक्यांच्या खड्ड्यात टाकल्यात.' ही बघा, 'लहान मुलांदेखत आपण लाल सरडा ओलांडलात.' सगळ्या अशाच आहेत."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुझ्या दारावर एकतरी लागलंय का असलं पान?"

"नाही, साहेब."

"मग बरोबर! जळतेस तू. आणि तुझी साळिंदरीही कच्ची दिसतेय. नीट शीक."

इतक्यात हाक आली. आत दप्तरदार साळिंदर बसलं होतं, काटे पाठीशी चापून बसवलेले. साहेबांनी भारा पुढे सरकवला. दप्तरदारानं पहिलं पान मोठ्यांदा वाचलं. मग दुसरं. सगळी दीडशे पानं वाचली, कारण निम्मी वाचून सोडायची असा नियम नव्हता.

"ह्या गृहस्थांना यात काय आहे ते ठाऊक आहे?" त्यानं कुरंगीला विचारलं.

कुरंगीनं साहेबांना विचारलं. साहेबांनी मान ताठ केली. "सांग त्यांना, एकूणएक जपलीत. चौकटीत बसवलीत. पाहुण्यांना दाखवतो."

तिनं सांगितलं. आणि बाळांनो, दप्तरदाराचे डोळे भरून आले!

"इतकी वर्षं या खुर्चीत बसलोय," तो म्हणाला, "तक्रारींना चौकट करणारा प्राणी पहिल्यांदा पाहिला. नियमांबद्दल केवढा हा आदर! आणि बारा वर्षांत एक महिना रिकामा नाही. सही आहे, तारीख आहे. याहून पक्का पुरावा कुठला?"

त्यानं साहेबांच्या खुरावर ठसा मारला. ठप्प.

"बघ," साहेब कुरंगीला म्हणाले. "म्हटलं नव्हतं?"

मग कुरंगी पुढे झाली. दप्तरदारानं चष्मा पुसला.

"तुमच्याविरुद्ध तक्रारी?"

"एकही नाही," ती जरा अभिमानानं म्हणाली.

"एकही नाही? अकरा वर्षांत?" त्याच्या कपाळाला आठी पडली. "मग तुम्ही इथे होता कशावरून?"

"मी आत्ता साहेबांचं सगळं बोलणं तुमच्या भाषेत सांगितलं. इथे राहिल्याशिवाय भाषा येईल का?"

"भाषा कुठेही बसून शिकता येते. तक्रार मात्र इथे राहिल्याशिवाय होत नाही." दप्तरदार वाईट नव्हता हो. त्यानं नियमांची पानं पुढे-मागे उलटली. "एक वाट आहे. ठसा मिळालेल्या रहिवाशानं इथे उभं राहून ही माझी शेजारीण म्हणून मान हलवली, तर तेवढं पुरे."

कुरंगी गर्रकन वळली. साहेब दारापाशी खूर वर धरून ठसा न्याहाळत होते.

"साहेब, नुसती मान हलवा. मी गल्लीच्या टोकाला राहते, एवढंच. नाहीतर मला आजच जावं लागेल. तिकडे नुसती राख आहे, साहेब."

हे ती बें-बोलीत म्हणाली. साहेबांना शब्द न् शब्द कळला. मान काय, हलवायला आयती होती. पण त्यांच्या मनात आलं, ही आपल्या मानपत्रांना तक्रारी म्हणाली. आणि आज हिला हो म्हटलं तर उद्या गल्लीत उपऱ्यांचा बाजार भरेल. शिवाय मंडळात काढा निवत होता.

"ही तुमची शेजारीण का?" दप्तरदारानं साळिंदरीत विचारलं.

साहेबांनी खांदे उडवले. "मला साळिंदरी येत नाही," ते म्हणाले, आणि चालते झाले.

मंडळात त्यांच्या खुराचं फार कौतुक झालं. साहेबांनी चार शब्द बोलावेत असा आग्रह झाला, तेव्हा ते म्हणाले, "इथे राहायचं तर इथलं होऊन राहावं लागतं. या उपऱ्यांना हेच समजत नाही." सगळ्या मेंढ्यांनी माना डोलावल्या. तिथे बऱ्या हलतात माना!

कुरंगी दुपारीच निघाली. वेशीपाशी शेवटचा सरडा लाल होता. मागून कुणी येत नव्हतं, पुढून कुणी येत नव्हतं, आणि आता तिला अडवणारा नियमही उरला नव्हता. तरी ती दोन्ही पाय जोडून थांबली. सरडा हिरवा झाला, मग गेली.

दुसऱ्या दिवशी शांततेचा वार होता. साहेब सकाळी दहा वाजता गल्लीच्या टोकाला गेले आणि रिकाम्या झुडपाखालचं गवत त्यांनी कचाकचा खाल्लं. परत येतात तो दारावर नवीन पान.

तात्पर्य : परक्या गावी जाल तेव्हा भाषा शिकू नका, नियम पाळू नका, आणि शेजाऱ्यांना सुखानं झोपू देऊ नका. फक्त ते जे काही बोलतील ते लेखी घ्या. आणि खाली तारीख घातली आहे ना, तेवढं बघा.