फुकटात हुशार झालेली गाडी

गाडीच्या इंटरनेटला पैसे मोजणारी माणसं आहेत म्हणून कंपन्या माजल्यात, असं एलिफ नेर्गोरचं ठाम मत होतं. चार्जिंग स्टेशनवर गाडी लावायची, आतल्या टपरीत सॉसेज घ्यायचं आणि हे मत ऐकवायचं, हा त्याचा आवडता कार्यक्रम.

"दर महिन्याला वर्गणी! कशासाठी, तर गाडीने रस्ता दाखवावा आणि सकाळी गरम होऊन बसावं म्हणून. माझी बघा. दोन वर्षांत एक क्रोनर दिला नाही, आणि सगळं चालू."

आणि खरंच चालू होतं. ही विजेची गाडी त्याने रेइदुन बाईंकडून जुनी घेतली होती. बाईंनी त्याला पहिली ते सहावी शिकवलं होतं. आता त्या एकोणऐंशीच्या झाल्या, तरी एलिफचा शर्ट बाहेर आलेला दिसला की भर दुकानात खोचून घ्यायला लावतात. बाईंनी त्याच कंपनीची छोटी नवी गाडी घेतली आणि जुनी याला विकली. कागद झाले, किल्ली मिळाली. गाडीच्या इंटरनेटचं खातं आपल्या नावावर करायचं तेवढं राहिलं. म्हणजे एलिफने ते राहू दिलं.

"कंपनीला एक फोन कर आणि मोकळा हो," त्याची बायको गुन्वोर म्हणायची.

"फोन केला की त्यांना आठवण होणार. आठवण झाली की पैसे मागणार. चाललंय ना? मग कशाला हात लावायचा?"

"अरे, पण कुणीतरी भरत असेल ना पैसे?"

"कोणी भरत नाही. विसरलेत ते."

हिवाळ्यात तर एलिफला आभाळ ठेंगणं झालं. बाहेर उणे वीस, शेजारचा हालस्टेइन काचेवरचा बर्फ खरवडतोय, आणि एलिफची गाडी रोज सव्वासातला आपोआप गरम.

"हे कसं काय रे?" हालस्टेइनने विचारलं.

"माझ्या सवयी शिकलीय ती," एलिफ म्हणाला. "हुशार जात आहे."

रविवारी मात्र ती साडेदहाला गरम व्हायची, बरोबर चर्चच्या वेळेला. एलिफ काही चर्चला जाणारा नव्हता. पण गाडीला आपल्या आत्म्याची काळजी आहे, हेही तो सांगत सुटला.

असा हिवाळा गेला आणि ऑगस्ट आला. ऑगस्टात आमच्या खोऱ्यातली माणसं बदलतात. एरवी शेजाऱ्याला शिडी देतील, होडी देतील, घराची किल्लीसुद्धा देतील. पण दलदलीत मोल्तेची केशरी फळं कुठे लागतात, ते विचारलं तर सख्ख्या भावालाही चुकीची वाट दाखवतील. एलिफची जागा त्याच्या बापाने त्याला दिली होती. हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात, नर्सला बाहेर पाठवून.

"कुणाला सांगू नकोस," म्हातारा म्हणाला होता. "बायकोला तर नाहीच. तिला तीन बहिणी आहेत."

एलिफने एकोणीस वर्षं शब्द पाळला. बापाने मागे ठेवलेलं मोलाचं असं तेवढंच होतं. गुन्वोर दर वर्षी त्या फळांचा मुरंबा करायची आणि विचारायची, "कुठून आणलेस?" तो म्हणायचा, "जंगलातून." पुढे पुढे तिने विचारणं सोडलं, पण विसरली असेल असं समजू नका.

मंगळवारी तो जागा बघून आला. जाताना फोन पावाच्या डब्यात ठेवला, कारण हल्ली फोनवरून माणूस सापडतो म्हणे. मग गाडी उलट्या दिशेने काढली, तलावाला चाळीस किलोमीटरचा वळसा घातला आणि एका बंद पडलेल्या खडीच्या खाणीमागे लावली. फळं अजून लाल होती. पिकून केशरी व्हायला चार दिवस हवेत, असा हिशोब करून तो चार तास तिथेच थर्मासमधली कॉफी पीत बसला. एवढं सुख त्याला घरी कधी मिळालं नव्हतं.

शुक्रवारी दुकानात रेइदुन बाई भेटल्या. जरा हरवल्यासारख्या दिसत होत्या. शर्ट बाहेर होता तरी बोलल्या नाहीत.

"एलिफ, माणसाचं डोकं काम करेनासं झालं तर त्याला स्वतःला कळतं का रे?"

"नाही कळत बाई. तेच तर बरं असतं," असं म्हणून तो हसला आणि दोन नव्या बादल्या घेऊन निघाला.

शनिवारी पुन्हा तीच तयारी. फोन डब्यात, गाडी उलट्या दिशेने, तलावाला वळसा. मागे एक व्हॅन दिसली म्हणून अर्धा तास वाटेत थांबला. व्हॅन टपालाची निघाली. शेवटी तो खाणीपाशी पोचला, तर गाडी लावायला जागा नव्हती.

सात गाड्या उभ्या होत्या. पलीकडे दलदलीत गमबूट घातलेली वीसेक माणसं वाकून तोडणी करत होती, आणि ओंडक्यावर बसून रेइदुन बाई कोणी कुठल्या बाजूने तोडायचं ते सांगत होत्या.

एलिफला वाटलं, बाप आता थडग्यातून उठून येणार.

"आला!" हालस्टेइन ओरडला. "सुखरूप आहे!"

"काय झालं?" एलिफने कसंबसं विचारलं.

"बस इथे," बाई म्हणाल्या. "गाडी कुठे उभी आहे ते फोनवर दिसतं. मंगळवारी बघते, तर माझी गाडी या दलदलीत. खिडकीतून बघते, तर अंगणात. चार तास मी नुसती खिडकी ते फोन, फोन ते खिडकी करत होते. वाटलं, संपलं आपलं. डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली."

"मग काल संध्याकाळी मी बाईंचा फोन बघितला," हालस्टेइन म्हणाला. "त्यात बाईंच्या नावावर दोन गाड्या. तुझ्या गाडीची वर्गणी दोन वर्षं बाईच भरतायत. सकाळी सव्वासातला त्या पोहायला निघतात तेव्हा एक बटण दाबतात आणि दोन्ही गरम होतात. आणि रविवारी चर्चला."

एलिफने बादल्या खाली ठेवल्या.

"आज सकाळी खातं बदलून घे म्हणून सांगायला तुला फोन केला," बाई म्हणाल्या, "तर तो पावाच्या डब्यात वाजला. गुन्वोरने उचलला. फोनवर बघते तर तुझी गाडी तलावाभोवती फिरतेय. मध्येच अर्धा तास उभी. म्हटलं, माझं डोकं जागेवर आहे, याचं गेलं. मंगळवारी इथे आला होता, आजही इथेच येईल. म्हणून सगळे थेट इकडे आलो. वीस मिनिटांचा तर रस्ता. तू येईनास, मग नुसतं बसून काय करायचं?"

"बाई, चुकलो मी," एलिफ म्हणाला. आणि त्याला ते मनापासून वाटलं. दुकानातलं स्वतःचं हसणं आठवून त्याला मान वर करवेना. "पैसे मी आजच देतो सगळे."

"पैसे राहू देत. आधी शर्ट खोच."

त्याने शर्ट खोचला. तेवढ्यात पलीकडच्या उंचवट्यावर गुन्वोर दिसली. शेजारी काठोकाठ भरलेली बादली, आणि मागे तिच्या तिन्ही बहिणी.

"छान आहे तुझं जंगल," ती म्हणाली.

एलिफने रिकाम्या बादल्या उचलल्या आणि दलदलीकडे बघितलं. तोडण्यासारखं काही राहिलं नव्हतं. हल्ली एलिफ दर महिन्याला वर्गणी भरतो, स्वतःच्या नावाने, आणि टपरीत ही गोष्टही स्वतःच सांगतो. फक्त दलदल नेमकी कुठे ते सांगत नाही. कारण त्या दिवशी निघताना बाईंनी एक कपभर मोल्ते त्याच्या हातात ठेवले आणि त्याला जरा बाजूला घेतलं.

"हा तुझा वाटा. आणि हे बघ एलिफ, ही जागा कुणाला सांगू नकोस हं. आम्ही आपसात ठरवलंय."